आमटीत तांब्याभर पाणी वाढवा!

दोस्तांनो, तुमच्या घरी सूप आहे का?

"आहे की! आजी त्यात जोंधळे पाखडते," असं कुणी म्हणेल. दुसरा म्हणेल, "आमच्याकडे फक्त ताप आल्यावर करतात. टोमॅटोचं!"

दोघांचंही उत्तर बरोबर. मराठीत सुपं दोन आहेत. पाखडायचं सूप आलं संस्कृतातल्या 'शूर्प' या शब्दावरून. रावणाची बहीण आठवते ना? सुपासारखी नखं असलेली, म्हणून ती शूर्पणखा! आणि प्यायचं सूप? ते इंग्रजीतून आलं, असं आपण धरून चालतो.

पण थांबा. संस्कृतातही 'सूप' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे वरण, कालवण, शिजवलेल्या डाळीचा रस! स्वयंपाक्याला संस्कृतात 'सूपकार' म्हणतात. म्हणजे इंग्रज इथं येण्याच्या कितीतरी शतकं आधी आपल्या ताटात सूप होतंच. मग इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून उचलला की काय? नाही हं! त्यांचं सूप आलं फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंच भाषेत सूप म्हणजे रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा. आपण आमटीत भाकरी कुस्करतो, तसलाच प्रकार. दोन शब्द, दोन वेगळी घराणी, पण आवाज मात्र एकच.

तेव्हा आज आपण जगभरातल्या सुपांची सफर करू या. सुरुवात कुठून? पॅरिसहून नाही, टोकियोहून नाही. सुरुवात करायची येडशीहून!

येडशीची पंगत

येडशी आहे धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत. धुळे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो. कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारी गाडीही इथं थांबते. या वाटेवर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरोगेज गाडी धावायची. ती १९११ मध्ये लातूरला पोचली होती. गावाजवळच्या दरीत रामलिंगाचं देऊळ आहे आणि भोवती अभयारण्य. श्रावणात तिथं माणसांची रीघ लागते आणि बारा महिने माकडांची!

आता कल्पना करा, या भागात एक लग्न आहे. पंगत बसली आहे. पत्रावळीवर भाताची मूद आणि द्रोणात वाफाळती, लालसर तपकिरी आमटी. तिच्यात डाळ दिसत नाही, भाजी दिसत नाही. तरी ती दाट आहे. आणि वास असा, की नुकतंच जेवलेला माणूसही परत पाटावर बसेल. या आमटीचं गुपित काय?

गुपिताचं नाव आहे येसर. कुणी येसूर म्हणतं. मराठवाड्यातल्या घरांमध्ये लग्नकार्य ठरलं की येसर आधीच करून ठेवायची पद्धत आहे. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, सुकं खोबरं, लाल मिरच्या हे सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र करायचं आणि दळायचं. प्रमाण मात्र घरोघरी वेगळं. ही पूड डब्यात भरून ठेवली की महिनोन्‌महिने टिकते. आमटी करायची तेव्हा फोडणी द्या, पाण्यात कालवलेला येसर घाला, मीठ टाका, उकळा. झाली आमटी तयार!

कळलं का? 'पाकीट फोडा, पाण्यात मिसळा, उकळा' अशी सूचना असलेली सूपची पाकिटं दुकानात मिळतात. तसल्या झटपट सूपची पूड आपल्या आज्या-पणज्या जात्यावर दळत आल्या आहेत!

यात शास्त्रही आहे बरं का. धान्य भाजलं की त्यातला ओलावा उडून जातो. ओलावा नाही म्हणजे बुरशीला आणि किडीला थारा नाही. भाजल्यानं धान्य थोडं शिजतंही आणि नवाच खमंग वास तयार होतो. शिवाय ज्वारी-गव्हाच्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी, ते धान्यात. दोघं एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं अलीकडे. जात्याला ते आधीच ठाऊक होतं.

येसराचे परदेशी भाऊबंद

आता येसराच्या नातेवाइकांना भेटू. ते समुद्रापार राहतात.

पहिला नातेवाईक अगदीच विचित्र. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जहाजांवर 'खिशातलं सूप' असायचं. मांस आणि हाडं तासन्‌तास उकळायची, रस आटवत आटवत डिंकासारखा घट्ट करायचा आणि वाळवून त्याच्या वड्या पाडायच्या. हवं तेव्हा एक वडी गरम पाण्यात विरघळवायची. कॅप्टन जेम्स कुक १७६८ मध्ये 'एन्डेव्हर' जहाजातून निघाला, तेव्हा त्याच्या सामानात ह्या वड्या होत्या. हे सूप प्यायल्यानं खलाशांना स्कर्व्ही होणार नाही, असं आरमाराला वाटायचं. स्कर्व्ही म्हणजे हिरड्या सुजवून माणसाला मरणाच्या दारी नेणारा आजार. तो होतो 'क' जीवनसत्त्व न मिळाल्यानं. आणि तासन्‌तास उकळलेल्या वडीत 'क' जीवनसत्त्व कुठून राहणार? सूप पोटात जायचं, पण या आजारावर त्याचा काही उपयोग नव्हता.

अमेरिकेत लुईस आणि क्लार्क हे दोघे पश्चिमेकडचा अनोळखी मुलूख शोधायला निघाले. त्यांनी १८०३ मध्ये असलं सूप १९३ पौंड, म्हणजे सुमारे ८७ किलो, विकत घेतलं. चव इतकी वाईट, की माणसं त्याला हात लावेनात! पण १८०५ च्या सप्टेंबरात बर्फाळ डोंगरात शिकार मिळेना, तेव्हा तेच सूप त्यांना प्यावं लागलं.

दुसरा नातेवाईक जर्मन. १८६७ मध्ये बर्लिनमधल्या ग्र्युनेबेर्ग नावाच्या स्वयंपाक्यानं वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाले एकत्र करून त्याच्या कांड्या बनवल्या. नाव 'एर्ब्सवुर्स्ट', म्हणजे वाटाण्याचं सॉसेज. पाण्यात कुस्करून उकळलं की सूप! १८७० च्या युद्धात प्रशियाच्या सैनिकांच्या पाठपिशव्यांत या कांड्या असत. भाजलेल्या डाळीची पूड असलेला आपला येसर आणि वाटाण्याच्या पिठाची ही कांडी... सख्खे नसले तरी चुलतभाऊ शोभतात ना?

तिसऱ्याचं नाव तर तुम्ही रोज ऐकता. मॅगी! मॅगी म्हणजे दोन मिनिटांच्या शेवया, असं तुम्हाला वाटतं. पण मॅगी हे एका माणसाचं आडनाव आहे. ज्युलियस मॅगी हा स्वित्झर्लंडमधला पिठाच्या गिरणीचा मालक. त्या काळी तिथल्या बायका कारखान्यांत दिवसभर राबायच्या. डाळी-कडधान्यं शिजवायला त्यांना वेळच नसे आणि घरातल्यांचं पोषण होत नसे. म्हणून मॅगीनं वाटाणा आणि घेवड्याच्या पिठाची झटपट सूप तयार केली. ती १८८६ मध्ये बाजारात आली. शेवया फार नंतरच्या. मॅगीची खरी सुरुवात झाली ती कडधान्याच्या आमटीच्या पुडीनं!

आणि १८९७ मध्ये अमेरिकेत जॉन डोरन्स या रसायनशास्त्रज्ञानं डब्यातल्या सूपमधलं पाणीच कमी करून टाकलं. सूप दाट, डबा लहान, गाडीभाडं कमी. पाणी काय, ज्याच्या त्याच्या घरी असतंच!

बघा, दोस्तांनो, इंग्रज, जर्मन, स्विस, अमेरिकन आणि येडशीची आजी. कुणी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. पण प्रश्न एकच होता: खाणं टिकवायचं कसं आणि वेळेवर वाढवायचं कसं? उत्तरही सारखंच सापडलं. पाणी काढून ठेवा, लागेल तेव्हा घाला.

दगडाचं सूप आणि दगडाचं फूल

युरोपात एक लोककथा घरोघर सांगतात. एक भुकेला वाटसरू गावात येतो. कुणी त्याला खायला देत नाही. तेव्हा तो चुलीवर पाणी ठेवतो आणि त्यात एक गुळगुळीत दगड टाकतो. "मी दगडाचं सूप करतोय. झकास होतं! फक्त एक कांदा असता तर..." एक बाई कांदा आणते. दुसरी गाजर आणते. तिसरा बटाटे, चौथा मीठ. शेवटी खरोखरच सुंदर सूप होतं आणि सगळा गाव मिळून ते पितो. पोर्तुगालमधलं अल्मेरी हे गाव याच सूपसाठी प्रसिद्ध आहे. 'दगडाचं सूप' तिथल्या खानावळींत आजही मिळतं.

"दगडाचं सूप? काहीतरीच!" असं म्हणून हसू नका. आपल्या मसाल्याच्या डब्यात डोकावून बघा. काळपट-करड्या, चुरगळलेल्या कागदासारख्या पापड्या दिसतात? ते दगडफूल. नावात फूल आहे, पण ते फूल नव्हे. पान नव्हे, मूळ नव्हे, सालही नव्हे. बुरशी आणि शेवाळ असे दोन जीव एकत्र संसार करतात, त्याचं हे शरीर आहे. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं आणि बुरशी त्याला घर देते, ओलावा धरून ठेवते. हा संसार दगडांवर आणि झाडांच्या सालींवर थाटलेला असतो. नुसतं हुंगलं तर फारसा वास नाही. तेलात तळलं की मात्र घरभर घमघमाट. तेव्हा दगडावरचं सूप कुणी पीत असेल, तर ते आपण!

येडशीत पाणी शंभरावर उकळत नाही!

शाळेत शिकवलंय ना, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं? ते समुद्रकिनारी. येडशीचा परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. जितकं उंच जावं तितका हवेचा दाब कमी, आणि दाब कमी तर पाणी लवकर उकळतं. त्यामुळे येडशीच्या चुलीवरचं आधण साधारण ९८ अंशांनाच उकळू लागतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर ते ७० अंशांच्या आसपासच उकळेल. पाणी खळखळतंय, पण डाळ शिजता शिजत नाही, अशी गत!

यावर उपाय शोधला दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं. १६७९ मध्ये त्यानं लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक जाड भांडं दाखवलं. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी शंभरापेक्षाही जास्त तापतं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं जादा वाफ सोडून देणारी झडपही बसवली. आणि या भांड्यात त्यानं शिजवलं काय? हाडं! फेकून दिलेली हाडं मऊ करून गरिबांसाठी सूप करता येईल, असं त्याच्या मनात होतं. १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विद्वानांना त्यानं या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं.

तुमच्या घरातला कुकर तो हाच! आई म्हणते ना, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर"? ती शिट्टी म्हणजे पापँच्या झडपेची पणती.

पाण्याचं अन्न होतं का?

घरात जेवायला बसायची वेळ. तेवढ्यात दारात चार पाहुणे. आई आत बघून हळूच म्हणते, "आमटीत तांब्याभर पाणी वाढव!" आपण हसतो. पण या तांब्याभर पाण्यावर एका मोठ्या शास्त्रज्ञानं डोकं लढवलं होतं.

त्याचं नाव काउंट रम्फर्ड. जन्म अमेरिकेत, नोकरी जर्मनीतल्या म्युनिकमध्ये. उष्णता कशी निर्माण होते यावरचे त्याचे प्रयोग आजही पुस्तकांत शिकवतात. १७९० नंतरच्या दशकात म्युनिकच्या गरिबांना कमी खर्चात जेवू कसं घालायचं, हा प्रश्न त्यानं हाती घेतला. बार्ली, वाटाणे, बटाटे, थोडं आंबट, मीठ आणि शिळ्या पावाचे तुकडे यांचं त्यानं सूप केलं. त्याच्या लक्षात आलं, की मूठभर बार्ली मंद आचेवर खूप वेळ शिजवली की भांडंभर पाणी दाट होतं आणि माणसाचं पोट भरतं. तो म्हणाला, पाण्याचंच अन्न होतंय!

इथं मात्र रम्फर्डसाहेब चुकले. पाण्याचं अन्न होत नाही. धान्यातले पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात, पाणी धरून ठेवतात, म्हणून रस दाट होतो. पोट भरल्यासारखं वाटतं, पण ताकद मिळते ती त्या मूठभर धान्याची. पाणी दुप्पट केलं म्हणून ताकद दुप्पट होत नाही.

ही साधी गोष्ट आयर्लंडमध्ये फार महागात पडली. १८४५ पासून तिथं बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. १८४७ च्या एप्रिलमध्ये अलेक्सिस सोयर या लंडनच्या नामवंत फ्रेंच स्वयंपाक्यानं डब्लिनमध्ये मोठं सूपघर उघडलं. एका वेळी शंभर माणसं बसायची. चमचे साखळीनं बांधलेले. घंटा झाली की एक पंगत उठायची, दुसरी बसायची. पण हे सूप फार पातळ आहे, त्यात पोषण नाही, अशी टीका डॉक्टरांनी केली. तरीही त्या उन्हाळ्यात आयर्लंडभर सरकारी सूपघरांतून रोज सुमारे तीस लाख माणसं जेवत होती. भुकेनं मरायला टेकलेल्यांना तेवढाच आधार. मग शरद ऋतूत सरकारनं सूपघरं बंद केली. दुष्काळ मात्र संपला नव्हता. त्या काही वर्षांत तिथली सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगांनी गेली.

दुष्काळ काय असतो, हे आपल्या भागाला कुणी सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ घरातल्या आजी-आजोबांना विचारा. विहिरी आटल्या, पिकं जळाली. माणसं खडी फोडायला आणि तलाव खोदायला गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं राबत होती. खायला परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, जिला लोक 'मिलो' म्हणायचे. कामावर 'सुकडी' नावाचं पौष्टिक कोरडं खाणं वाटलं जायचं. आजही अनेक घरांत ते नाव काढलं, की म्हातारी माणसं क्षणभर गप्प होतात.

म्हणून, दोस्तांनो, वाटीत उरलेली आमटी मोरीत ओतण्याआधी हे एकदा आठवा. आणि आईबाबा, तुम्हीही एक करा. पोर म्हणालं, "आमटी नको, दुसरं काही द्या," तर रागावण्याआधी त्याला १९७२ ची गोष्ट सांगा. रागावणं विसरलं जातं, गोष्ट लक्षात राहते.

वाया काही नाही

आमच्या मराठवाड्यातल्या बायकांनी मात्र पाण्याला नुसतं पाणी कधी मानलंच नाही. पुरणपोळीचं पुरण करताना हरभऱ्याची डाळ शिजवतात आणि वरचं पाणी वेगळं काढतात. याला 'वेळणं' म्हणतात, आणि निघालेलं पाणी ते येळवणी. पुण्यामुंबईकडे त्याला कट म्हणतात. डाळीचा बराच कस या पाण्यात उतरलेला असतो. तो फेकायचा? छे! त्याला फोडणी दिली की झाली येळवणीची आमटी. गोड पोळी आणि झणझणीत आमटी, एकाच पातेल्यातून दोन पदार्थ!

तसंच हुलग्याचं. हुलगा म्हणजे कुळीथ. कमी पावसात, हलक्या जमिनीत येणारं हे चिवट कडधान्य. त्याच्या भाजलेल्या पिठाचं पातळ, गरमागरम माडगं करतात. त्याच पिठाची वळकटी करून लसणाच्या तिखट रस्स्यात सोडली की शेंगोळे. जपानी लोक रस्स्यातल्या शेवया भुरके मारत खातात आणि त्याला 'रामेन' म्हणतात. आपण शेंगोळे खाताना भुरका मारला, तर मोठी माणसं डोळे वटारतात. जपानात मात्र तसं खाल्लं तर कुणी नाक मुरडत नाही!

सूप आणि स्वातंत्र्य

कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा छोटा देश आहे. तिथं फ्रेंचांचं राज्य होतं आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लाखो माणसांना गुलाम केलं होतं. मालकांसाठी भोपळ्याचं सुंदर सूप हे गुलाम करायचे, पण त्यांना स्वतःला ते प्यायला मनाई होती. त्यांनी उठाव केला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर १ जानेवारीला हैतीच्या घराघरांत तेच भोपळ्याचं सूप पितात. नाव 'सूप जुमू'. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत मानाची जागा दिली.

दुसरं सूप युक्रेनचं, बिटाच्या लालचुटुक रंगाचं 'बोर्श्च'. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. माणसं घरंदारं सोडून परागंदा झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोनं युक्रेनची बोर्श्च करण्याची परंपरा 'तातडीनं जपायला हवी' अशा वारशाच्या यादीत घातली. गाव सुटलं, चूल सुटली, परसातला भाजीचा वाफा सुटला, तर एखादं सूपही हरवू शकतं.

चौकट: जगाच्या वाटीतून

• 'रेस्टॉरंट' हे आधी जागेचं नाव नव्हतं, सूपचं होतं! अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये थकल्या-भागल्यांना ताकद देणाऱ्या रश्श्याला हे नाव होतं. तो रस्सा जिथं मिळे, त्या जागेलाच पुढं रेस्टॉरंट म्हणू लागले.

• इंग्रजांचं आवडतं 'मलिगटॉनी' सूप म्हणजे तमिळ 'मिळगु तण्णीर'. अर्थ: मिऱ्याचं पाणी.

• चीनमध्ये एका पक्ष्याच्या घरट्याचं सूप करतात. काही पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटं बांधतात, तेच हे. आपल्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळच्या समुद्री खडकांवरच्या गुहेतही पाकोळ्यांची वस्ती आहे. तिथली घरटी पूर्वी चोरून नेली जायची. पाकोळ्यांना राहू द्या, आपल्याला आमटी पुरे!

• स्पेनमधलं 'गास्पाचो' हे टोमॅटोचं सूप थंडगार पितात. आपल्या सोलकढीसारखं.

• अमेरिकेच्या सिनेटच्या उपाहारगृहात घेवड्याच्या बियांचं सूप रोज मिळतं. वर्षानुवर्षांचा नेम आहे.

• १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल या चित्रकारानं सूपच्या डब्यांची ३२ चित्रं काढली. प्रत्येक चवीचं एक. ती आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत.

करून पहा: येसराची आमटी

(चुलीजवळ मोठं माणूस हवंच!)

चार जणांसाठी तीन मोठे चमचे येसर, एक बारीक चिरलेला कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे तेल, मोहरी, जिरे, हळद, मीठ, कोथिंबीर आणि पाच वाट्या पाणी घ्या.

आधी येसर वाटीभर गार पाण्यात कालवा. गारच, गरम नाही! गरम पाण्यात पीठ टाकलं, की बाहेरचे कण लगेच फुगून चिकट होतात, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि गुठळ्या होतात. आता तेलात मोहरी, जिरे, लसूण, कांदा, हळद अशी खमंग फोडणी करा. उरलेलं पाणी घाला. उकळी आली की कालवलेला येसर हळूहळू ओता आणि ढवळत राहा. मीठ घाला. मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. वरून कोथिंबीर. भाकरी कुस्करा आणि ओरपा!

आता वही काढा

ती जर्मन वाटाण्याची कांडी आठवते? सैनिकांनी खाल्ली, गिर्यारोहकांनी खाल्ली. दीडशे वर्षं टिकली. पण लोक घेईनासे झाले आणि २०१८ च्या अखेरीस कंपनीनं ती बनवणं बंद केलं. संपली!

येसर मात्र कंपनीचा नाही. तो कुणाच्या तरी आजीच्या हातात आहे आणि त्याचं प्रमाण बहुतेक वेळा कुठं लिहिलेलं नसतं. "चिमूटभर", "अंदाजानं", "वास आला की बास", असं ते आजीच्या डोक्यात असतं. म्हणून हा सुटीचा अभ्यास. आजीशेजारी बसा. ती मूठभर म्हणाली की ती मूठ वाटीत ओतायला लावा आणि मोजा. किती जोंधळे, किती डाळ, कोणतं आधी भाजायचं, किती वेळ, रंग कसा आला की उतरवायचं, सगळं लिहा. खाली आजीचं नाव आणि तारीख घाला. आजी गावी असेल तर फोन करा. तुमच्याकडे येसर नसेल तर सार लिहा, कढण लिहा, कढी लिहा. प्रत्येक घरात एक तरी सूप असतंच.

डोकं चालवा!

१. 'सूपकार' म्हणजे सूप विणणारा की स्वयंपाकी?
२. दगडफुलात कोणते दोन जीव एकत्र राहतात?
३. मॅगी कंपनीची सुरुवात कशापासून झाली?
४. हैतीचे लोक भोपळ्याचं सूप कोणत्या दिवशी पितात?
५. येसर आधी गार पाण्यात का कालवायचा?

(उत्तरं: १. स्वयंपाकी. २. बुरशी आणि शेवाळ. ३. कडधान्याच्या पिठाच्या सूपपासून. ४. १ जानेवारी. ५. गुठळ्या होऊ नयेत म्हणून.)

पाचही बरोबर? मग आज आमटी दोनदा वाढून घ्या. कार्यक्रम संपला की मराठीत म्हणतात, 'सूप वाजलं'. तसं आता आपल्या लेखाचं सूप वाजलं. पाखडायचं की प्यायचं, ते तुम्ही ठरवा!